दुसऱ्या रक्ताचं देणं

आमच्या वाडीत लावणीचं देणं कुणी वहीत लिहून ठेवत नाही. आज आमच्या कुणग्यात आठ माणसं उतरली, तर पुढच्या पंधरवड्यात आमच्या घरचं माणूस त्या आठही घरी जाणार, हे न बोलता ठरलेलं असतं. कोण कोणाकडे किती दिवस आलं, किती तरवा काढला, कोण अर्ध्या दिवसात ताप आला म्हणून परत गेलं, सगळं ध्यानात असतं. आजी म्हणायची, पैशाचं देणं लिहावं, कारण ते फेडून मोकळं व्हायचं असतं. हातांचं देणं लिहू नये, कारण ते संपलं की येणंजाणंही संपतं.

शहरात जाऊन पीएच.डी. करायला लागले तेव्हा आजीचं हे बोलणं आपल्याला कधी लागेल असं वाटलं नव्हतं. पण माझा विषयच असा निघाला की मला आमच्याच संगमेश्वर तालुक्यातल्या वाड्यांवर परत यावं लागलं. माझ्यावर एक देणं झालं, आणि ते पैशाचं की हातांचं, हेच मला बरीच वर्षं ठरवता आलं नाही. हा लेख त्या हिशेबाचा आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. मी 'डॉक्टर' होणार हे कळल्यावर वाडीतल्या निम्म्या लोकांनी मला गुडघे दाखवले. औषध देणारा डॉक्टर वेगळा आणि आजारावर प्रबंध लिहिणारा वेगळा, हे मी समजावून सांगितलं. खालच्या घरची काकी म्हणाली, "म्हंजे आमचा दुकना तू लिवून घेनार, पन बरा करनार न्हाय." ती हसत म्हणाली, बाकीचेही हसले. मीही हसले. पण वाक्य चुकीचं नव्हतं.

माझा विषय लेप्टोस्पायरोसिस. वाडीत त्याला नुसतं 'लेप्टो' म्हणतात. मळसूत्रासारखा पिळदार, अतिबारीक जंतू. तो उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करून राहतो, गुराढोरांतही राहतो, आणि मुतातून पाण्यात उतरतो. आमच्याकडे जुलैत माणूस दिवसदिवस गुडघाभर चिखलात उभा असतो. पायाची कातडी भिजून पांढरी पडलेली असते, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात, जांभ्याच्या खड्यानं किंवा काट्यानं कुठे ना कुठे चिरलेलं असतं. जंतूला आणखी दार कशाला हवं? आठदहा दिवसांनी थंडीताप येतो, डोळे लाल होतात, पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देत नाहीत. बहुतेक लोक औषधानं बरे होतात. काहींना कावीळ होते, लघवी बंद होते, फुप्फुसात रक्त उतरतं, आणि मग वेळ फार थोडा उरतो.

या आजाराची खात्री करण्याची जी जुनी, आजही प्रमाण मानली जाणारी तपासणी आहे, तिथूनच माझ्या प्रश्नाला सुरुवात झाली. प्रयोगशाळेत जिवंत जंतू वाढवायचे. ते इतके सावकाश वाढतात की आठवडेच्या आठवडे जातात. मग रुग्णाच्या रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, पातळ करत करत त्यांच्यात मिसळायचा आणि काळोख्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. शरीरानं जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली असतील तर जंतूंचे गुठळे होतात. पण एकदाच बघून चालत नाही. आजाराच्या सुरुवातीला एक नमुना आणि साधारण दोन आठवड्यांनी दुसरा. दुसऱ्यात प्रतिपिंडांचं प्रमाण चौपट किंवा त्याहून जास्त वाढलेलं दिसलं, की मग 'निश्चित' असा शिक्का बसतो.

आता हे दोन नमुने बारकाईनं बघा. पहिलं रक्त रुग्णाच्या कामाचं असतं. तो तापलेला असतो, डॉक्टर बाकीच्या तपासण्यांसाठी रक्त काढतच असतात, त्यातलंच थोडं मला मिळतं. औषधही ते माझ्या निकालासाठी थांबवत नाहीत. लक्षणं पाहून डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन सुरू होतं, आणि तेच बरोबर आहे. दुसरं रक्त घ्यायला मी जाते तेव्हा माणूस बरा झालेला असतो. तो पुन्हा शेतात उभा असतो. त्या रक्ताचा त्याला काडीचा उपयोग नसतो. त्याचा निकाल येईल तेव्हा भात पोटरीला आलेलं असेल. पहिलं रक्त त्याचं होतं. दुसरं रक्त माझं, माझ्या तक्त्याचं, माझ्या पदवीचं.

तेही तो देतो. चिखलाचे हात पाण्यात खळबळून वर येतो, बांधावर बसतो, दंड पुढे करतो. लावणीच्या दिवसांत अर्धा तास म्हणजे काय ते ज्यानं लावणी केली आहे त्यालाच कळेल. मला त्या काळात फेलोशिपचे महिना ३१,००० रुपये मिळत होते. देणाऱ्याला चहा.

चहाच का, यालाही कारण आहे. संशोधनाच्या नीतिनियमांप्रमाणे बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं देता येतं, द्यावंही. पण इतकं देऊ नये की त्या पैशासाठीच माणूस हो म्हणेल. नियम शहाणपणाचा आहे. गरिबाच्या नडीवर बोली लावू नये, एवढाच त्याचा अर्थ. मी मजुरीची रक्कम घेऊन गेलेही होते. पण वाडीत ती कोणी घेईना. "तुज्याकडनं पैसे घेव? तुजा बापूस आमच्या लावनीला येतो," असं म्हणून माझा हात मागे सारला. म्हणजे मी पैशाचं देणं करायला निघाले होते आणि त्यांनी ते हातांच्या देण्यात लिहून टाकलं.

संमतीपत्राचं तेच झालं. चार पानांचं, मराठीत, माझ्या समितीनं तीनदा दुरुस्त करून घेतलेलं. त्यात वाक्य होतं: 'या संशोधनातून आपल्याला वैयक्तिक लाभ होईलच असे नाही.' दुसरं होतं: 'आपण कोणतेही कारण न देता केव्हाही नकार देऊ शकता.' ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना मी संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवायचे आणि मग अंगठा घ्यायचे. अर्ध्यावरच म्हातारी माणसं कंटाळायची. "बाय, वाचतेस कित्याला? अंगठा खंय लावू ता सांग." आपल्या वाडीची पोर आहे, शिकतेय, तिचं काम अडू नये, एवढं त्यांना पुरे होतं.

ही संमती खरी होती का? कागदावर पूर्ण होती, त्यात खोट नव्हती. पण कागद ज्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय तो परक्या डॉक्टरसमोर बसलेला, आपलं हित बघून हो किंवा नाही म्हणणारा एकटा माणूस. आमच्या वाडीत असा एकटा माणूसच नाही. तिथे 'हो' हे रक्ताला दिलेलं नसतं, माझ्या आईबापाला दिलेलं असतं. मी परकी असते तर त्यांनी प्रश्न विचारले असते. मी घरची होते म्हणून विचारले नाहीत. जो जवळचा, त्यालाच नकार देणं अवघड, म्हणजे तोच जास्त धोक्याचा, असा उलटा हिशेब माझ्यासमोर उभा राहिला.

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ मध्ये परळला प्लेगची प्रयोगशाळा सुरू झाली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव मिळालं. दुसऱ्याच्या अंगावर करण्याआधी आपलं अंग पुढे करणं, यात एक सरळपणा आहे. पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग असा की त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली आणि पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली गेली. ते स्वखुशीनं आले असं सांगतात. आले असतीलही, प्लेग गजाआड येऊन उभा असताना लस नको कोण म्हणेल? लसीनं त्यांचा फायदाही झाला. तरी बंद दाराआडच्या 'हो'चं वजन किती धरायचं, हा प्रश्न उरतोच. आमच्या वाडीला गज नाहीत. पण आपुलकीचंही एक कुंपण असतं, आणि ते ओलांडून नाही म्हणणं सोपं नसतं.

प्रयोगशाळेत आम्ही ज्या पेशी वापरतो त्यांतल्या एकीचं नाव 'हेला'. हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या नावातली ही अक्षरं. व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतावर वाढलेली काळी बाई. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर उपचार चालू असताना तिच्या गाठीचा तुकडा काढला गेला. तिला विचारलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती गेली. तिच्या पेशी मात्र आजही जगभर वाढताहेत. पोलिओच्या लशीपासून असंख्य कामांना त्या उपयोगी पडल्या. घरच्यांना हे कळायला वीसेक वर्षं लागली. त्या पेशींवर पैसा करणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं कुटुंबाशी तडजोड केली ती २०२३ मध्ये. मी विचार करते, त्या घराला जास्त काय लागलं असेल? पैसे मिळाले नाहीत हे तर लागलंच असेल. पण आपल्या आईचं काहीतरी जगात जिवंत आहे आणि ते आपल्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही, हे त्याहून लागलं असेल.

माझ्या पहिल्याच पावसाळ्यात वरच्या आळीचे तात्या गेले. ताप अंगावर काढत त्यांनी लावणी उरकली. रुग्णालयात आणलं त्या दिवशी मी तिथेच होते. त्यांचं पहिलं रक्त मी घेतलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. डॉक्टरांना शंका नव्हती, मलाही नव्हती. पण पहिल्या रक्तात प्रतिपिंडं अजून दिसण्याइतकी झालेलीच नव्हती, जंतूचा अंश थेट शोधणारी पीसीआर माझ्या आराखड्यात नव्हती, आणि दुसरं रक्त येणार कुठून? माझ्या तक्त्यात 'निश्चित' रुग्ण तेच, ज्यांचे दोन्ही नमुने आहेत. तात्या 'संशयित'मध्ये गेले, आणि मुख्य विश्लेषणातून बाहेर. जो या आजारानं मेला तोच या आजाराच्या मोजणीत नाही. नियम चुकीचा नाही. तो मोडला तर मोजणीवरचा विश्वासच जाईल. पण शास्त्राला जे 'निश्चित' लागतं आणि वाडीला जे ठाऊक असतं, त्यांच्यामध्ये किती अंतर पडू शकतं ते मला त्या एका ओळीत दिसलं. मार्गदर्शकांशी बोलून मी प्रबंधात एक वेगळं प्रकरण केलं, दुसरा नमुना न मिळालेल्या रुग्णांचं. त्यात आकडे थोडे आहेत, माणसं जास्त आहेत.

तात्यांच्या बाईंना मी शिमग्यात भेटले. त्यांनी दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "त्यांचा रगात न्हेलावतास ना तू? मंग त्याचा काय झाला?"

मी सांगितलं. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये आहे, नाव नाही, नंबर आहे. काय दिसलं, काय दिसलं नाही. त्यांना कितपत समजलं ठाऊक नाही. पण त्या शेवटपर्यंत ऐकत बसल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझ्याकडून मागितलं जात होतं ते पैसे नव्हते, औषधही नव्हतं. निरोप होता. रक्त गेलं त्याची बातमी परत यावी, एवढंच.

ज्ञान ही सगळ्या मानवजातीची ठेव, ते कुणा एका वाडीला परत द्यायचं नसतं, असं माझे एक सहकारी म्हणतात. त्यांचं म्हणणं मी टाकाऊ मानत नाही. तात्यांच्या वाडीतून निघालेली गोष्ट उद्या केरळात किंवा अंदमानात कुणाचा जीव वाचवेल, तर ते चांगलंच. पण 'मानवजात' म्हटलं की देणं इतकं पातळ होतं की कुणालाच द्यावं लागत नाही. लावणीला आलेल्या शेजाऱ्याला जर मी सांगितलं की तुझ्या श्रमाची फेड मी जगाला करीन, तर तो पुढच्या वर्षी येणार नाही. आणि खरं सांगायचं तर जगाच्या नावानं पदवी मात्र मी एकटीच घेते.

ज्यांनी रक्त दिलं त्यांच्याकडेच उत्तर परत नेणं अशक्य आहे, असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंच्या आसपासची. इंग्लंडमधल्या बाळांचं वजन साधारण साडेतीन किलो. पण दिसायला किडकिडीत असलेल्या या बाळांच्या अंगात चरबी मात्र त्या मानानं भरपूर होती. पुढे ती मुलं सहा वर्षांची झाल्यावर दिसलं की ज्या आयांच्या रक्तात बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये इन्शुलिन नीट काम करत नाही. पुढे मधुमेहाकडे जाणारी ही वाट. हे छापून ते थांबले नाहीत. हीच मुलं वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांनाच बी१२च्या गोळ्या देऊन त्यांच्या पुढच्या पिढीत फरक पडतो का, हे पाहायला घेतलं. आजीच्या हिशेबात सांगायचं तर येणंजाणं चालू ठेवलं.

आमच्या शेजारच्या रायगडातलं दुसरं उदाहरण. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात आले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानं तेव्हा धडधाकट माणसं, लहान मुलं, एका रात्रीत जायची. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या, १९८२ मध्ये त्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. रक्तदाबावरचं प्रॅझोसिन हे औषध इथे कामी येतं हे त्यांनी दाखवलं, आणि शंभरातली तीस-चाळीस मरणं एखाद्यावर आली. ज्या खाटेवर निरीक्षण केलं त्याच खाटेवर उपचार. तिथे पहिलं रक्त, दुसरं रक्त असा भेदच राहिला नाही. प्रत्येकाला हे जमणार नाही, माझ्यासारखीला तर नाहीच. पण दिशा कळते.

मी केलं ते फार छोटं आहे. गणपतीत चाकरमानी आलेले असताना, आरतीनंतर, तीन वाड्यांच्या देवळांत बसून मी जे निघालं ते सांगितलं. पायाला जखम असेल तर चिखलात उतरण्याआधी काय करायचं. ताप आणि पोटऱ्या एकत्र दुखल्या तर लावणी टाकून दवाखाना गाठायचा, कारण औषध पहिल्या दिवसांत जेवढं चालतं तेवढं नंतर नाही. जोखमीच्या दिवसांत डॉक्सिसायक्लिन आठवड्याला एकदा डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेता येतं, मनानं नाही. गमबूट घाला असं मी सांगितलं तेव्हा सगळे हसले. चिखलणी केलेल्या कुणग्यात गमबूट पायातून निघून तिथेच राहतो. ते मला आधीच ठाऊक असायला हवं, असं काकी म्हणाली. पुस्तकातलं आहे म्हणून सांगितलं, म्हटलं.

शेवटी एक प्रश्न आला तो नमुन्यांचा. प्रबंध झाला तरी फ्रीजरमध्ये बराच साठा उरला होता. दुसऱ्या एका गटाला तो वेगळ्याच आजाराच्या अभ्यासासाठी हवा होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की नमुन्याचा मालक तो देणारा. संस्था आणि संशोधक नुसते राखणदार. माझ्या संमतीपत्रात पुढच्या संशोधनाचा उल्लेख होता, त्यामुळे कागदोपत्री अडचण नव्हती. तरी समितीला मी लिहून विचारलं की मला पुन्हा जाऊन विचारायचं आहे. परवानगी मिळाली. मे महिन्यात, आंबे उतरवण्याच्या धांदलीत, मी एकेका घरी गेले. या वेळी उलट्या बाजूनं सुरुवात केली: हे माझं काम नाही, माझी पदवी झाली, तुम्ही नाही म्हणालात तर माझं काहीही अडत नाही.

बहुतेकांनी हो म्हटलं. दोघांनी नाही म्हटलं. एक माझ्या बापाच्या वयाचे, ते म्हणाले, "तुला दिला. दुसऱ्याला कित्याला?" दुसरी काकी. तिनं कारण सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही; कारण न देण्याचा हक्क माझ्याच कागदात लिहिलेला होता.

त्या दोन नकारांनी मला जे मिळालं ते एवढ्या सह्याअंगठ्यांनी मिळालं नव्हतं. ज्या घरात नाही म्हणता येतं, तिथल्या 'हो'ला अर्थ असतो. ते दोघे नाही म्हणू शकले म्हणून बाकीच्यांच्या 'हो'वर मला आता विश्वास ठेवता येतो. परत गेल्यावर मी त्या दोघांच्या नळ्या काढल्या, ऑटोक्लेव्हमध्ये नष्ट केल्या आणि तसं दोघांना फोन करून कळवलं.

आणि त्या दिवशी, नाही म्हणून झाल्यावर, काकीनं मला घावणे खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.